जाब विचारायचा कोणाला? : चिपी विमानतळाच्या कारभाराविषयी

चिपी विमानतळाचे उद्घाटन दोनदा झाले. पहिले ५ मार्च २०१९ रोजी, तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री सुरेश प्रभू यांच्या उपस्थितीत. दुसरे ९ ऑक्टोबर २०२१ रोजी, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे, केंद्रीय मंत्री नारायण राणे आणि दूरदृश्य प्रणालीवरून ज्योतिरादित्य शिंदे यांच्या साक्षीने. त्याआधी सप्टेंबर २०१८ मध्ये, चतुर्थीच्या तोंडावर, गणपतीची मूर्ती घेऊन एक छोटे विमान चाचणीसाठी उतरले होते. तो सोहळा वेगळाच. पहिल्या उद्घाटनानंतर प्रवासी विमान यायला अडीच वर्षे लागली. दुसऱ्या वेळी ते त्याच दिवशी आले. पुढे तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस, मुंबईची ती फेरी थांबली. फेरी थांबल्याचे जाहीर करण्यासाठी मंडप घालण्याची रीत आपल्याकडे नाही.

दुसऱ्या सोहळ्यातली टोलेबाजी उभ्या महाराष्ट्राने दूरचित्रवाणीवर पाहिली. विमानतळ कोणी आणला हा त्या दिवशीचा मुद्दा होता आणि आजही तो मिटलेला नाही. आम्हा मालवणी मुलखातल्या माणसांना अशा वादाचे नवल वाटत नाही. पालखीला पहिला खांदा कोणाचा यावरून जत्रेच्या दिवशी हमरीतुमरीवर येणारी गावे आमच्याकडे आहेत. पण त्या गावांतही देवळाच्या दिवाबत्तीचे पैसे संपले तर कोणाच्या दारात जायचे, हे शेंबड्या पोराला ठाऊक असते. चिपीच्या बाबतीत नेमके तेवढेच कोणाला सांगता येत नाही. या लेखात मला तोच प्रश्न तपासायचा आहे. या विमानतळाचा कारभार कोणाच्या देखरेखीखाली चालतो, आणि ज्या जिल्ह्याच्या नावाने तो ओळखला जातो त्या जिल्ह्याच्या लोकनियुक्त संस्थांना त्यात काय जागा आहे?

माझा पिंड वाङ्मयसमीक्षेचा. विमानशास्त्रातले मला कळत नाही आणि अर्थशास्त्रातले बेताचेच. पण कागद वाचण्याची सवय आहे, आणि कागद वाचताना पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती वाक्याचा कर्ता. शासकीय मराठीत तो सहसा सापडत नाही. ‘कार्यवाही करण्यात येत आहे’, ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’, ‘पाठपुरावा सुरू आहे’. करणारा कोण, विचार कोणाच्या अधीन, पाठपुरावा कोणी कोणाकडे केला? आपण हा भाषेचा आळस समजून हसून सोडून देतो. चिपीविषयीचे कागद, कायदे आणि योजना वाचत गेल्यावर माझे मत निराळे झाले. काही ठिकाणी ही वाक्ये अगदी प्रामाणिक असतात. कर्ता लपवलेला नसतो, तो मुळात नेमलेलाच नसतो.

मध्यंतरी खाडीकाठच्या एका गावच्या ग्रामसभेला मी बसलो होतो. विषय पाण्याच्या नळाचा होता. बोलता बोलता विमानाची फेरी कधी सुरू होणार यावर गाडी आली. मुंबईला मुलाकडे जाऊन-येऊन असणाऱ्या एका बाईंनी विचारले, की हे लिहून कोणाला द्यायचे? ग्रामसेवक भले गृहस्थ. म्हणाले, ‘वर कळवू.’ बाईंनी लगेच विचारले, ‘वर म्हंजे खंय, ता सांगा.’ सभा हसली आणि पुन्हा नळाकडे वळली. मला मात्र त्या प्रश्नाने कामाला लावले. आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणे घालतात तेव्हा गावकार मोघम काही बोलत नाही. स्थळाचे नाव, देवाचे नाव, सीमेवरच्या राखणदाराचे नाव, ज्याच्यासाठी गाऱ्हाणे त्याचे नाव, सगळे घेऊन मग मागणे मांडतो, आणि जमलेले ‘होय महाराजा’ म्हणतात. गाऱ्हाण्याला पत्ता असतो.

तर पत्ता शोधू. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या सूचीतली २९ वी नोंद हवाई मार्ग, विमाने आणि विमानतळांची तरतूद यांची आहे. म्हणजे विषय दिल्लीचा. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जी अकरावी अनुसूची आली तिच्यात पंचायतींकडे सोपवता येतील असे विषयही योगायोगाने २९ च आहेत. त्यांतला तेरावा विषय रस्ते, साकव, पूल, तर, जलमार्ग आणि दळणवळणाची इतर साधने असा आहे. कर्लीच्या खाडीवरून होडीने माणसे पलीकडे न्यायची तर ती पंचायतीच्या कक्षेत येऊ शकते. त्याच खाडीवरून विमान गेले की विषय दिल्लीला पोहोचतो. यात तसे चुकीचे काही नाही. विमान परुळ्यात उतरले तरी आकाश परुळ्याचे नसते, आणि सुरक्षिततेचे नियम गावागणिक वेगळे असून चालणार नाहीत. धावपट्टीला परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते, सुरक्षेचे निकष नागरी विमान सुरक्षा ब्युरो ठरवतो, हवाई वाहतुकीचे नियंत्रण भारतीय विमानतळ प्राधिकरण पाहते. हे सगळे असेच हवे.

पण विमानतळ म्हणजे केवळ आकाश नव्हे. तो चिपीचा सडा आहे, त्यावरची २,५०० मीटरची धावपट्टी आहे, कुडाळ स्टेशनापासूनचा आणि मालवणहून येणारा रस्ता आहे, पाणी आहे, भाड्याच्या गाड्या आहेत, टपऱ्या आहेत आणि कोणाच्या तरी जमिनी आहेत. या जमिनीवरच्या गोष्टींचा धनी कोण? इथे दिल्ली नाही. इथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आहे, ज्याला आपण सगळे एमआयडीसी म्हणतो. जमीन महामंडळाने घेतली आणि आयआरबी या रस्ते बांधणाऱ्या खासगी समूहाच्या कंपनीला आराखडा, बांधणी, वित्त, संचालन आणि शेवटी हस्तांतर अशा तत्त्वावर दीर्घ मुदतीसाठी दिली. ‘सिंधुदुर्ग विमानतळ प्राधिकरण’ नावाची कोणतीही संस्था अस्तित्वात नाही. वर्तमानपत्रांत ‘विमानतळ प्राधिकरणाचे दुर्लक्ष’ असे मथळे येतात तेव्हा दुर्लक्ष कोणाचे हे मथळा लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते.

एमआयडीसीच का, याचे उत्तर थोडे मागे जाऊन शोधावे लागते, आणि मला या साऱ्या शोधात सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट तिथेच सापडली. १९६२ साली महाराष्ट्रात तीन महिन्यांच्या अंतराने दोन संस्था जन्मल्या. १ मे रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि १ ऑगस्ट रोजी औद्योगिक विकास महामंडळ. दोन्हींचे कायदे १९६१ च्या नावाने ओळखले जातात. त्या काळच्या अधिनियमांच्या क्रमवारीत महामंडळाचा कायदा १९६२ चा तिसरा आणि जिल्हा परिषदांचा पाचवा. राज्य दोन वर्षांचे झाले होते. एकीकडे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून जिल्ह्याचा विकास जिल्ह्यातल्या निवडून आलेल्या माणसांच्या हाती द्यायचे ठरले. दुसरीकडे उद्योगांसाठी जमीन घेणे, रस्ते-पाणी करणे आणि भूखंड देणे यासाठी वेगाने काम करणारे, मुंबईहून चालणारे मंडळ हवे होते. त्या वेळी दोन्ही बरोबर होते. पुढच्या साठ वर्षांत मात्र मोठे काही करायचे म्हटले की ते दुसऱ्या घरात जाऊ लागले. जिल्हा परिषदेकडे शाळेची कौले आणि दवाखान्याची औषधे राहिली. महामंडळाकडे औद्योगिक वसाहती आल्या, आणि उद्योगांना लागणारी सोय या वाटेने विमानतळही आले.

या वाटेने चिपी एकटा गेलेला नाही. नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील पाच विमानतळ एमआयडीसीने २००९ मध्ये रिलायन्सच्या विमानतळ विकासक कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले होते. ९५ वर्षे! औद्योगिक भूखंडाची रुळलेली मुदत विमानतळाला लागली. कारखान्याचा भूखंड आणि विमानतळ यांत फरक आहे हे त्या मुदतीने लक्षातच घेतले नाही. कारखाना बंद पडला तर भूखंडधारकाचे नुकसान होते. विमानतळ ओस पडला तर जिल्ह्याचे. त्या पाचांपैकी बहुतेक ठिकाणी नियमित विमाने आली नाहीत किंवा टिकली नाहीत, आणि ते परत कसे घ्यायचे याची चर्चा राज्य सरकारला पुढे अनेक वर्षे करावी लागली. वास्तविक विमानतळांसाठी म्हणून महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ मध्येच स्थापन झाली होती. एकाच राज्यात काही विमानतळ तिच्याकडे आणि काही एमआयडीसीकडे का, याचे धोरण असे काही मला कुठे लिहिलेले आढळले नाही.

आता देखरेखीकडे वळू. जिल्हा परिषदेचा हिशेब विधिमंडळाची पंचायती राज समिती तपासते. ती समिती जिल्ह्यात येते; ती येणार म्हटले की ओरोसच्या कार्यालयांत किती धांदल उडते ते तिथल्या कोणत्याही कर्मचाऱ्याला विचारावे. एमआयडीसीचा हिशेब सार्वजनिक उपक्रम समितीपुढे जातो, आणि राज्यभराच्या वसाहतींच्या पसाऱ्यात चिपीचे पान कितीसे येणार? विमानतळाचे दर ठरवणारे केंद्राचे आर्थिक नियामक प्राधिकरण आहे, पण ते फक्त ‘प्रमुख’ विमानतळांकडे पाहते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रमुख म्हणजे वर्षाला ३५ लाखांहून अधिक प्रवाशांचा. चिपीला ७० आसनांचे विमान रोज येऊन-जाऊन पूर्ण भरले तरी वर्षाचा आकडा ५१ हजारांच्या आसपास थांबतो. नियामकाच्या दृष्टीने चिपी दिसण्याच्याही पलीकडे आहे. खासदाराने लोकसभेत विचारावे तर मंत्रालयाचे उत्तर ठरलेले असते: १९९४ मध्ये हवाई निगमांचा जुना कायदा रद्द झाल्यापासून विमान कंपन्या आपला मार्ग निवडायला मोकळ्या आहेत. उत्तर खरे आहे. बाईंचे ‘वर’ कुठे आहे, ते त्यातून कळत नाही.

मग गावाकडे काय आहे? गावाकडे कर्तव्ये आहेत. १९३७ च्या विमान नियमांतला ९१ वा नियम सांगतो, की विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून १० किलोमीटरच्या परिघात कोणी जनावरे कापू-सोलू नयेत आणि पक्षी आकर्षित होतील असा कचरा वा घाण टाकू नये. नियमामागचे कारण रास्त आहे. घार इंजिनात गेली तर काय होते हे कोणाला सांगायला नको. पण नकाशावर चिपीभोवती १० किलोमीटरचे वर्तुळ काढून पाहावे. त्यात देवबाग येते, तारकर्ली येते, भोगवे, निवती येतात. ही मासेमारीची गावे. रापण ओढली की किनाऱ्यावर जे उरते, सुकत घातलेल्या म्हाकुलांवर आणि बांगड्यांवर जे घिरट्या घालते, ते शतकानुशतके तसेच आहे. या गावांनी माशाचा कचरा कुठे न्यावा, त्याची गाडी कोणी घ्यावी, तिचे डिझेल कोणी भरावे? नियमात मनाई आहे, निधी नाही. घर वाढवायचे तर उंचीच्या निर्बंधांचे रंगीत नकाशे आहेत आणि ठरावीक पट्ट्यांत ना-हरकत दाखला लागतो. अधिसूचित क्षेत्रात बांधकामाची परवानगी नियोजन प्राधिकरण म्हणून एमआयडीसीच्या हाती जाते, ग्रामपंचायत बघत राहते. जी माणसे विमानात कधी बसणार नाहीत त्यांनाही विमानतळाची शिस्त पाळावी लागते. पाळावी, माझी तक्रार नाही. ज्याच्यावर बंधन त्याला बैठकीत खुर्ची, एवढा साधा न्याय मात्र कुठे दिसत नाही.

एक हत्यार ग्रामपंचायतीकडे आहे: कर. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या १२४ व्या कलमाखाली इमारती आणि जमिनींवर कर बसवता येतो. शिर्डी विमानतळ ज्या काकडी गावच्या हद्दीत आहे तिथल्या ग्रामपंचायतीने विमानतळ विकास कंपनीकडे कोट्यवधींची थकबाकी असल्याचा दावा करून वसुलीचा बडगा उगारला, तेव्हा वर्तमानपत्रांनी ती बातमी गमतीची म्हणून छापली. कोपरगाव तालुक्यातले एक खेडे विमानतळाला नोटीस काढते! मला त्यात गंमत दिसली नाही. साईबाबांच्या दर्शनाला देशभरातून विमाने उतरतात त्या ठिकाणी गावाला बोलण्यासाठी थकबाकीदाराची नोटीस एवढी एकच भाषा उरली असेल, तर दोष खेड्याचा नाही.

चिपीच्या त्या तीन वर्षांकडे आता बारकाईने पाहू, कारण खरे दुखणे तिथे आहे. मुंबई-सिंधुदुर्ग फेरी केंद्राच्या ‘उडान’ योजनेतली होती. योजना अशी, की छोट्या विमानतळांना जोडणाऱ्या मार्गावर विमानातल्या साधारण निम्म्या जागा मर्यादित भाड्यात विकायच्या, त्यातून कंपनीला येणारी तूट सरकारने भरून द्यायची, आणि तीन वर्षे त्या मार्गावर दुसऱ्या कोणाला मदत द्यायची नाही. तुटीच्या भरपाईतले ८० टक्के केंद्राच्या निधीतून आणि २० टक्के राज्याकडून. शिवाय इंधनावरचा मूल्यवर्धित कर एक टक्का, पोलीस आणि अग्निशमन राज्याचे, वीज-पाणी सवलतीत. म्हणजे या फेरीत सार्वजनिक पैसा होता, तोही दोन सरकारांचा. विमान अलायन्स एअरचे. एअर इंडिया टाटांकडे गेल्यावरही ही कंपनी सरकारकडेच राहिली. सरकारी कंपनीचे विमान, सरकारी महामंडळाची जमीन, सरकारी भरपाई. तरीही फेरी रद्द झाल्याच्या बातम्या स्थानिक दैनिकांत नेहमीच्या होत्या, आणि मुदत संपताच फेरीही संपली.

हे चिपीचेच नशीब नव्हते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये उडानवर जो अहवाल दिला त्यातले आकडे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग वाटले गेले. त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांपैकी ११२ च तीन वर्षे पूर्ण करू शकले, आणि मदत संपल्यावर, मार्च २०२३ पर्यंत, ५४ टिकून होते. याचा अर्थ मुदतीनंतर मार्ग बंद पडणे हा अपघात नसून नियम होता, आणि तो २०२४ च्या ऑक्टोबरच्या वर्षभर आधी छापील स्वरूपात उपलब्ध होता. जिल्ह्यातल्या कोणीतरी तो वाचून विचारायला हवे होते, की आपली मुदत अमुक महिन्यात संपते आहे, पुढे काय? हे विचारण्याची जागा कोणती? जिल्हा परिषद.

आणि नेमकी तीच जागा रिकामी होती. सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. विमान सुरू होऊन तेव्हा पाच महिने झाले होते. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि गटरचनेचा वाद न्यायालयात अडकल्याने राज्यभर जिल्हा परिषदांवर प्रशासक आले, आणि सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून सांगावे लागले. उडानची उरलेली सारी मुदत, फेऱ्या रद्द होण्याचा काळ आणि शेवटचा दिवस, हे सगळे प्रशासकाच्या राजवटीत पार पडले. घटनेच्या २४३ झेडडी या अनुच्छेदाप्रमाणे जिल्हा नियोजन समितीचे चार पंचमांश सदस्य पंचायती आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे असतात. जिथे परिषदच नाही तिथे त्या जागांवर कोण बसणार? पालकमंत्री अध्यक्ष, अधिकारी समोर, आणि विमानतळाचा विषय मंत्र्याच्या आश्वासनाने सुरू होऊन आश्वासनानेच संपतो. एका घटनात्मक संस्थेच्या अनुपस्थितीत एक विमानसेवा आली आणि गेली, हे मला त्या दोन उद्घाटनांपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते. यावर फारसे कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून इतके रेंगाळलो.

इथे कोणी म्हणेल, की देखरेखीचे काय घेऊन बसलात, चिपीला मोप्याने मारले. गोव्याच्या पेडणे तालुक्यातला मोपा विमानतळ ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटित झाला आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. बांद्यापासून तो हाकेच्या अंतरावर. सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाने चिपीचे एक बेभरवशाचे विमान सोडून तिकडे जाणे साहजिक होते. चिपीहून २०२४ पासून हैदराबाद, बंगळूर आणि पुण्याला फेऱ्या सुरू करणाऱ्या फ्लाय ९१ या कंपनीचाही तळ मोप्यालाच आहे. हे मान्य. पण तुलना करायचीच तर पुरती करू. मोप्याचा करार ४० वर्षांचा, २० ने वाढवता येणारा, आणि उत्पन्नातला ३६.९९ टक्के वाटा गोवा सरकारला देणारा. हा आकडा मला गोव्यातल्या रिक्षावाल्याकडूनही ऐकायला मिळाला आहे. तो त्याला ठाऊक असतो कारण तिथल्या विधानसभेत त्यावरून रणे माजली. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्गाचे ५,२०७. आमच्यापेक्षा लहान प्रदेशाला विमानतळाबद्दल प्रश्न विचारणारे ४० आमदार आहेत. सिंधुदुर्गाचे आमदार तीन, २८८ जणांच्या सभागृहात. लोकसंख्येत गोवा मोठा, हे खरे. २०११ च्या जनगणनेत तिकडे साडेचौदा लाख, इकडे साडेआठ. पण ४० आणि ३ यांतले अंतर लोकसंख्येने भरून निघत नाही. ते भरून काढण्यासाठीच तर जिल्हा परिषद नावाची गोष्ट होती.

स्थानिकांच्या हाती दिले तर वाटोळे होईल, हा दुसरा आक्षेप, आणि तो बोलणारे बहुधा स्थानिकच असतात. बोअरवेलच्या जागेवरून ज्यांच्यात वर्षभर बोलणे नसते ते विमानतळ काय सांभाळणार? मँचेस्टरचे उदाहरण पाहा. तिथला विमानतळ १९३८ साली महापालिकेनेच सुरू केला. १९८६ च्या ब्रिटिश कायद्याने नगरपालिकांच्या मोठ्या विमानतळांना कंपनीचे रूप घ्यावे लागले. तरी आज त्या समूहात मँचेस्टर शहराचे ३५.५ टक्के आणि आसपासच्या नऊ नगरांचे मिळून २९ टक्के भाग आहेत, उरलेले एका गुंतवणूक संस्थेचे. दहा नगरपालिका एकमेकींशी भांडत असतील, पण विमान त्यांच्या भांडणाने थांबलेले नाही. इतके दूर जायचे नसेल तर केरळात कोची आहे: १९९४ ची कंपनी, १९९९ चा विमानतळ, मुख्यमंत्री अध्यक्ष, राज्य सर्वांत मोठे भागधारक आणि हजारो सामान्य लोकांचे, त्यांत आखातात राबणाऱ्यांचे, पैसे. तीही निर्दोष नाही. माहितीचा अधिकार आपल्याला लागू नाही असे त्या कंपनीचे म्हणणे होते; राज्य माहिती आयोगाने आणि पुढे उच्च न्यायालयाने ते मानले नाही. ती सार्वजनिक संस्था ठरली. चिपी चालवणारी कंपनी पूर्ण खासगी असल्याने तिच्याकडे अर्ज करून उपयोग नाही. माहिती मागायची ती एमआयडीसीकडे, आणि तीही कायद्याने महामंडळाला कंपनीकडून मिळवता येते तेवढीच.

मुंबईच्या चाकरमान्यांनी भाग घेतलेली एखादी सिंधुदुर्ग विमानतळ कंपनी का निघाली नाही, हा प्रश्न मला कोचीविषयी वाचताना सतावत राहिला. गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांनी देवळे बांधली, शाळा बांधल्या, धर्मशाळा बांधल्या. त्यांना कोणी विचारले नाही, एवढेच उत्तर मला सुचते.

विमानतळाच्या नावाची गोष्टही याच साच्यातली आहे. २०२२ मध्ये, बॅरिस्टर नाथ पै यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, राज्य मंत्रिमंडळाने चिपीला त्यांचे नाव देण्याचे ठरवले. निवड उत्तम. नाथ पै वेंगुर्ल्याचे. १९५७ पासून १९७१ मधल्या निधनापर्यंत राजापूरचे खासदार. गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर १९६७ मध्ये त्यांनी खासगी विधेयक मांडले ते घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार स्पष्ट करण्यासाठी. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाच्या हातात काय असावे आणि काय नसावे, हा त्या माणसाच्या विचाराचा मुख्य धागा. त्यांच्या हयातीत विधेयक मंजूर झाले नाही. त्यातला गाभा १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीत आला. विमानतळाला नाव देण्याचा अधिकार मात्र ना वेंगुर्ले पंचायत समितीचा, ना जिल्हा परिषदेचा, ना राज्य मंत्रिमंडळाचा. राज्याने प्रस्ताव पाठवायचा आणि निर्णय केंद्राने घ्यायचा. गावाने आपल्या माणसाचे नाव सुचवले तर ती विनंती ठरते.

माझ्या मागण्या लहान आहेत. मोठ्या मागण्यांचे काय होते ते पाहिले आहे. चिपीचा करार मराठीत छापून परुळे परिसरातल्या आणि १० किलोमीटरच्या वर्तुळातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत ठेवावा. वर्षात किती फेऱ्या ठरल्या, किती झाल्या, किती रद्द झाल्या आणि का, कोणत्या सरकारने किती भरपाई दिली, महामंडळाला भाड्यापोटी काय मिळाले, एवढे एक पान कंपनीने आणि महामंडळाने मिळून जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावे आणि प्रश्नांना उत्तर देण्यासाठी सहीचा अधिकार असलेला माणूस तिथे हजर असावा. इतर विमानतळांवर खासदारांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समित्या असतात. त्या सल्ला देतात, म्हणून त्यांच्याविषयी मी फार बोललो नाही. सल्ला ऐकायचा की नाही हे ऐकणाऱ्यावर असते, सभेत नाव घेऊन विचारलेल्या प्रश्नाचे तसे नसते. यासाठी घटना बदलावी लागत नाही. राज्य शासनाचा एक निर्णय आणि त्या निर्णयात कर्ता असलेले एक वाक्य पुरेल.

तेच पान ग्रामसभेतही वाचून दाखवता येईल. तारीख शोधायला नको. १ मे रोजी ग्रामसभा ठरलेलीच असते.